गटिंगेनचे सात आणि बाकीचे

जर्मनीच्या साधारण मधोमध, हार्त्स डोंगरांच्या पश्चिमेला, लाइने नावाच्या बेताच्या नदीकाठी गटिंगेन आहे. वस्ती सव्वा लाखाच्या आसपास. जुन्या गावाभोवतीचा मातीचा तट अजून शाबूत आहे. त्यावर झाडं लावलेली आहेत आणि तासाभरात निवांत चालत गावाला प्रदक्षिणा घालता येते. चालताना माना वर करून बघायची सवय आपोआप लागते, कारण घराघराच्या भिंतीवर पांढऱ्या संगमरवराच्या पाट्या आहेत: इथे अमुक प्राध्यापक या सालापासून त्या सालापर्यंत राहत होते. अशा शेकडो पाट्या. चौकातल्या कारंज्यावर हंस सांभाळणाऱ्या पोरीचा एक छोटा पुतळा आहे, 1901 सालचा. पीएच.डी. झाली की कारंज्यावर चढून तिचं चुंबन घ्यायचं, असा रिवाज आहे. 1926 मध्ये नगरपालिकेनं त्यावर बंदी घातली. बंदीला कोणी विचारलं नाही.

थोडक्यात, विद्यापीठ गावात आहे की गाव विद्यापीठात, असा प्रश्न पडावा असं हे ठिकाण. तिथल्या टाउन हॉलच्या तळघरातल्या लॅटिन ओळीचा अर्थ असा, की गटिंगेनबाहेर जगणं नाही, आणि असलंच तर ते असं नाही. उलट हाइन्रिश हाइने हा कवी इथंच शिकला, एका द्वंद्वयुद्धाच्या भानगडीत काही महिन्यांसाठी हाकलला गेला, परत येऊन 1825 मध्ये कायद्याची डॉक्टरेट घेऊन गेला, आणि त्यानं लिहून ठेवलं की हे गाव सॉसेज आणि विद्यापीठ यांसाठी प्रसिद्ध आहे. क्रम त्यानं मुद्दामच तसा ठेवला असणार.

या गावाला सर्वांत जास्त अभिमान आहे तो सात प्राध्यापकांचा. विद्यापीठाच्या मुख्य आवारातल्या चौकाला त्यांचं नाव आहे. लेखक गुंटर ग्रास यांनी आराखडा केलेलं त्यांचं स्मारक 2011 पासून तिथं उभं आहे. हॅनोव्हरला विधानसभेजवळ त्यांचा ब्राँझचा शिल्पसमूह आहे. जर्मन शाळेत शिकलेल्या कुणालाही ही गोष्ट ठाऊक असते. मला त्या गोष्टीबद्दल तक्रार नाही, ती सांगण्याच्या पद्धतीबद्दल आहे. आपण सात जणांची गोष्ट सांगतो आणि त्यांच्या शेजारच्या खुर्च्यांवर बसलेल्या बाकीच्यांना सोडून देतो. विद्यापीठं टिकतात की बुडतात हे मात्र बाकीच्यांवर ठरतं. सत्ता काय करणार हे बहुतेक वेळा आधीच कळलेलं असतं. कळायचं राहिलेलं असतं ते सहकारी काय करणार.

आधी गोष्ट. 1837 साली एर्न्स्ट ऑगस्ट हॅनोव्हरचा, म्हणजे गटिंगेन तेव्हा ज्या राज्यात होतं त्याचा, राजा झाला आणि 1 नोव्हेंबरला त्यानं चार वर्षांपूर्वीची राज्यघटना रद्दबातल ठरवली. सरकारी नोकरांनी, म्हणजे प्राध्यापकांनीही, त्या घटनेवर शपथ घेतलेली होती. आता राजा म्हणत होता, त्या शपथेतून मी तुम्हाला मोकळं करतो. 18 नोव्हेंबरला सात जणांनी विद्यापीठाच्या नियामक मंडळाला पत्र लिहिलं. इतिहासकार डालमान यांनी मसुदा केला होता. सह्या करणाऱ्यांत भाषापंडित याकोब आणि विल्हेल्म हे ग्रिम बंधू, कायदेपंडित आल्ब्रेख्ट, साहित्याचे इतिहासकार गेर्विनुस, प्राच्यविद्येचे एवाल्ड आणि भौतिकशास्त्रज्ञ विल्हेल्म वेबर होते. पत्रात क्रांतीची भाषा नव्हती. म्हणणं एवढंच होतं की शपथ आम्ही घेतली आहे, ती दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून सुटत नाही, आणि शपथेशी खेळणारी माणसं म्हणून आम्ही विद्यार्थ्यांसमोर उभं कसं राहायचं? विद्यार्थ्यांनी रातोरात पत्राच्या नकला केल्या आणि ते देशभर गेलं. डिसेंबरात सातही जणांच्या नोकऱ्या गेल्या. डालमान, याकोब ग्रिम आणि गेर्विनुस यांना तीन दिवसांत राज्य सोडायचा हुकूम झाला.

विद्यार्थी कडाक्याच्या थंडीत चालत सीमेवरच्या विट्सेनहाउझेनपर्यंत त्यांना पोचवायला गेले. सीमा ओलांडताना एक म्हातारी नातवाला म्हणाली, या गृहस्थांना हात दे, ते परागंदा झालेत. ही आठवण याकोब ग्रिम यांनीच लिहून ठेवली आहे. जर्मन भाषेचं व्याकरण लिहिलेला माणूस आपल्याच राज्याच्या वेशीवर परका झाला होता.

राजाची बाजूही ऐकण्यासारखी आहे, कारण ती आजही सगळीकडे ऐकू येते. पगार माझ्या तिजोरीतून, मग विरोध कसला? ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. प्राध्यापक, नाचणाऱ्या बाया आणि वेश्या पैसे टाकले की कुठेही मिळतात, असं तो म्हणाल्याचं सांगतात. शब्द त्याचे असोत वा नसोत, वागणूक त्याच हिशेबाची होती. आणि गंमत म्हणजे हा राजा काही अडाणी नव्हता. तरुणपणी, 1786 मध्ये, तो दोन भावांबरोबर गटिंगेनलाच शिकायला आला होता. भौतिकशास्त्रज्ञ आणि तिरकस बुद्धीचे लेखक लिश्टेनबेर्ग राहत होते त्याच घरात या राजपुत्रांचा मुक्काम होता. चांगल्या विद्यापीठात शिकल्यानं राज्यकर्ता विद्यापीठाची कदर करतो, ही समजूत तिथंच संपायला हरकत नाही.

आता बाकीचे. पत्र बाहेर फुटल्यावर विद्यापीठाचं एक शिष्टमंडळ राजाला भेटायला रोटेनकिर्खेनच्या शिकारवाड्यावर गेलं. आम्ही निष्ठावंत आहोत, एवढं सांगायला. सरकारी वर्तमानपत्रानं ते असं छापलं, की जणू अख्ख्या विद्यापीठानं सातांना झिडकारलं. त्यावर आणखी सहा प्राध्यापकांनी जाहीर केलं, की आम्ही सातांचा निषेध कधीच केलेला नाही. पण तोवर उशीर झाला होता, आणि त्यांचंही म्हणणं 'निषेध केलेला नाही' एवढंच होतं, 'पाठिंबा आहे' असं नव्हतं. दोन वाक्यांतलं हे अंतर नोकरीत राहिलेल्या प्रत्येकाला बरोबर कळतं.

आणि गाउस? त्या वेळी गटिंगेनचंच काय, जगातलं गणितातलं सर्वांत मोठं नाव. सातांपैकी एवाल्ड त्यांचे जावई होते. वेबर त्यांचे जिवलग सहकारी. 1833 मध्ये या दोघांनी वेबर यांच्या प्रयोगशाळेपासून गावाच्या छपरांवरून, चर्चच्या मनोऱ्यावरून, गावाबाहेरच्या वेधशाळेपर्यंत किलोमीटरभर तार ओढली होती आणि विजेच्या झटक्यांनी निरोप पाठवले होते. तारायंत्राच्या इतिहासातलं हे पहिल्या काही पानांतलं काम. चार वर्षांनी त्या तारेच्या एका टोकाचा माणूस बडतर्फ झाला, आणि दुसऱ्या टोकाच्या माणसानं जाहीरपणे एक अक्षर उच्चारलं नाही. गाउस साठ वर्षांचे होते. नव्वदी ओलांडलेली आई वेधशाळेतच त्यांच्याजवळ राहत होती. गोंधळगडबडीचा त्यांना मनापासून तिटकारा होता. त्यांनी वेबर यांना परत घ्यावं म्हणून खटपटही केली, पण पडद्याआड.

मी गाउसना भित्रे म्हणणार नाही. त्यांच्या जागी आपण असतो तर बहुतेकांनी तेच केलं असतं, आणि नेमकं तेच माझं म्हणणं आहे. जगात ज्याचा एक शब्द वजनदार ठरला असता असा एकच माणूस त्या गावात होता. राजाला सात प्राध्यापक काढून टाकणं परवडलं. गाउस काढून टाकणं परवडलं असतं का?

सातांचं पुढं बरं झालं, हेही सांगायला हवं. लाइपत्सिगच्या समितीनं वर्गणी काढून त्यांचे पगार चालवले. ग्रिम बंधूंना तिथल्याच प्रकाशकांनी जर्मन भाषेचा महाकोश करायचं काम दिलं. नोकरी गेली नसती तर कदाचित ते सुरूच झालं नसतं. पहिला खंड 1854 ला आला. दोघे भाऊ गेले तरी काम संपेना. ते संपायला 1960 उजाडलं, आणि शेवटच्या टप्प्यातलं बरंचसं काम झालं ते गटिंगेनमध्येच. वेबर 1849 मध्ये परत आले. एवाल्ड 1848 मध्ये परत आले आणि 1867 मध्ये, हॅनोव्हर प्रशियानं गिळल्यावर, नव्या राजाशी निष्ठेची शपथ घ्यायला नकार देऊन पुन्हा घरी बसले. अशी खोड ज्याला असते त्याला असतेच.

सरकारी पैशाशिवाय हे विद्यापीठ निघालंच नसतं, ही गोष्टही राजाच्या बाजूनं मान्य करावी लागते. तीस वर्षांच्या युद्धानंतर गटिंगेन खंगलं होतं. 1734 मध्ये तास सुरू झाले, 1737 मध्ये रीतसर उद्घाटन झालं. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज हाच हॅनोव्हरचाही शासक, म्हणून नाव गेओर्ग-आउगुस्ट. खरा कर्ता म्हणजे मंत्री म्युंशहाउझेन. त्यानं चांगले पगार देऊन दुसऱ्या विद्यापीठांतून माणसं ओढून आणली. उमरावांची पोरं यावीत म्हणून सुरुवातीच्या इमारतींत घोड्यावर बसायला शिकवण्याची शाळा बांधली. तास मात्र प्राध्यापकांच्या घरी भरायचे. आजच्या भाषेत हा निव्वळ विकासप्रकल्प होता. पण त्या हिशेबी मंत्र्यानं दोन गोष्टी हिशेबापलीकडच्या केल्या. धर्मशास्त्राच्या विद्याशाखेला इतरांच्या शिकवण्यावर नजर ठेवायचा जुना अधिकार दिला नाही, आणि ग्रंथालयासाठी सढळ हातानं पैसे देऊन ते वाचकांना खरोखर वापरू दिलं. पुढचं सगळं या दोन गोष्टींतून आलं. आपल्याकडे 'जागतिक दर्जाचं विद्यापीठ' म्हटलं की पहिला प्रश्न जमिनीचा निघतो. म्युंशहाउझेनलाही घोड्यांच्या शाळेला जमीन लागलीच होती, नाही असं नाही. पण ती शाळा 1968 मध्ये पाडली गेली आणि तिथं दुकानांची इमारत आली. ग्रंथालय चालूच आहे.

तर मग 1933 मध्ये, नाझी सत्तेवर आल्यावर, इथल्या ज्यू प्राध्यापकांना हाकललं गेलं ते आकाशातून पडलं का? अजिबात नाही. इथं पुण्याशी जोडलेला एक धागा सापडतो. टेओडोर बेनफाय हे संस्कृतचे मोठे पंडित, जवळच्याच नोर्टेन गावच्या ज्यू घरातले. 1834 मध्ये त्यांनी गटिंगेनला शिकवायला सुरुवात केली. साधं दुय्यम प्राध्यापकपद मिळायला 1848 उजाडलं, त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला. पूर्ण प्राध्यापक व्हायला 1862. म्हणजे 28 वर्षं. मोरित्स श्टेर्न या गणितज्ञाची कथा त्याच चालीची. धर्म न सोडता ते 1859 मध्ये पूर्ण प्राध्यापक झाले, आणि धर्म न बदलता त्या पदावर पोचलेले जर्मनीतले ते पहिले ज्यू. विद्यापीठ त्याचा अभिमान बाळगतं. त्यांना तीस वर्षं थांबवलं, याचा उल्लेख त्याच वाक्यात सहसा नसतो.

या बेनफाय यांचे विद्यार्थी म्हणजे आपल्याकडे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात आलेले ब्यूलर आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात 1866 ते 1881 संस्कृत शिकवणारे कीलहॉर्न. कीलहॉर्न पुण्याच्या शास्त्रीमंडळींजवळ बसून व्याकरण शिकले, नागोजीभट्टांच्या परिभाषेंदुशेखराचं भाषांतर केलं, आणि पतंजलीच्या महाभाष्याची त्यांची तीन खंडांतली आवृत्ती 1880 ते 1885 दरम्यान मुंबईहून निघाली. शेवटचं काम त्यांनी गटिंगेनमधून केलं, कारण 1882 पासून ते तिथं प्राध्यापक होते. 1885 मध्ये गटिंगेननं रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना मानद डॉक्टरेट दिली. भांडारकरांच्या नावामागचं 'डॉक्टर' तिथलं. आजही संस्कृतच्या अभ्यासकाला एखादा श्लोक संगणकावर शोधायचा असेल तर तो बहुतेक वेळा गटिंगेनच्याच संग्रहात जातो. पण या साखळीची पहिली कडी 28 वर्षं दाराशी उभी होती.

बायकांचंही तेच. 1787 मध्ये डोरोथेआ श्लोत्सर हिला इथं डॉक्टरेट मिळाली, वय अवघं 17, आणि समारंभाला बसायची परवानगी नव्हती म्हणून तिनं शेजारच्या फुटक्या खिडकीतून आपलाच सत्कार पाहिला. सव्वाशे वर्षांनी गणितज्ञ एमी नोएथर आल्या. 1915 मध्ये इथले गणिताचे प्राध्यापक डाविड हिल्बेर्ट आणि फेलिक्स क्लाइन यांनी त्यांना बोलावून घेतलं. अध्यापनाच्या हक्कासाठी केलेला अर्ज मानव्यशास्त्रांच्या प्राध्यापकांनी अडवून धरला. म्हणून फलकावर सूचना लागायची ती अशी: गणिती भौतिकशास्त्राचा वर्ग, प्राध्यापक हिल्बेर्ट, साहाय्य डॉ. नोएथर, सोमवारी 4 ते 6, शुल्क नाही. शिकवायच्या नोएथर. नाव हिल्बेर्ट यांचं, पगार कुणालाच नाही. विद्यापीठाची समिती म्हणजे काही स्नानगृह नव्हे, असं हिल्बेर्ट संतापून म्हणाल्याची कथा सगळे सांगतात. परवानगी मात्र 1919 मध्येच मिळाली. अडवणारे कोण होते? राजा नव्हता. मंत्रालयानंही नकार दिला, पण विरोधाची सुरुवात करणारे मंत्री नव्हते. शेजारच्या विभागाचे लोक होते.

हे लक्षात ठेवून 1933 कडे बघावं. 1920 च्या दशकात हे छोटं गाव गणित आणि भौतिकशास्त्राची राजधानी झालं होतं. माक्स बोर्न आणि त्यांच्या हाताखालचा तरुण हायझेनबेर्ग यांनी पुंजयामिकीची (क्वांटम मेकॅनिक्सची) मांडणी इथं केली. जेम्स फ्रांक प्रयोगशाळा चालवत होते, नोबेल मिळालेले. रिशार्ड कुरांट यांनी रॉकफेलर प्रतिष्ठानचा पैसा आणून गणितासाठी नवी इमारत उभी केली, 1929 मध्ये. तिच्या व्हरांड्यांत काचेच्या कपाटांतून प्लास्टरचे गणिती आकार मांडलेले आहेत, आजही. बाहेर मात्र हवा निराळी होती. विद्यार्थी संघटनेत नाझींचं वर्चस्व आधीच आलं होतं. जुलै 1932 च्या निवडणुकीत देशभर नाझी पक्षाला 37 टक्के मतं होती, गटिंगेनमध्ये निम्म्याहून जास्त. विद्वानांचं गाव म्हणजे विवेकी गाव, हा हिशेब इथं सपशेल चुकतो.

7 एप्रिल 1933 ला कायदा आला: ज्यू सरकारी नोकरांना काढा. पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढलेल्यांना सूट होती. फ्रांक यांना ती लागू होती, तरी त्यांनी 17 एप्रिलला राजीनामा दिला आणि तो वर्तमानपत्रात जाहीर केला. सवलतीत राहून आपल्या लोकांची अवहेलना बघणार नाही, असा त्यांचा सूर होता. 24 एप्रिलला गटिंगेनच्याच 42 अध्यापकांनी सह्या करून निवेदन काढलं. फ्रांक यांच्या राजीनाम्याला त्यांनी देशाविरुद्धचा घातपात ठरवलं आणि सरकारनं 'साफसफाई' लवकर पुरी करावी अशी आशा व्यक्त केली. दुसऱ्याच दिवशी, 25 एप्रिलला, सहा प्राध्यापकांना घरी बसवण्याचा हुकूम आला. त्यांत बोर्न, कुरांट आणि नोएथर होत्या. बोर्न यांना हे वर्तमानपत्रातून कळलं.

या 42 जणांना कुणी धमकी दिली नव्हती. गप्प बसले असते तरी चालून गेलं असतं. गाउस गप्प बसले होते, हे गप्पसुद्धा बसले नाहीत. काहींना विचार पटला असेल, काहींना रिकाम्या होणाऱ्या खुर्च्या दिसल्या असतील. मला दुसऱ्या गटाचीच संख्या मोठी वाटते, पण ते माझं मत. 10 मे ला पुस्तकांची होळी झाली तेव्हा भाषणं करणारे कोण, तर कुलगुरू आणि एक तरुण अध्यापक, दोघेही जर्मन साहित्याचे. तो तरुण युद्धानंतरही प्राध्यापक होता.

नोएथर यांनी हाकलल्यावर घरी वर्ग घेतले. एक विद्यार्थी नाझी तुकडीच्या गणवेशात यायचा आणि त्यांना त्याचं काही वाटायचं नाही, असं सांगतात. गणित संस्थेची जबाबदारी ओटो नॉयगेबाउअर यांच्याकडे आली. ते ज्यू नव्हते. निष्ठेच्या कागदावर सही करायला नकार देऊन एका दिवसात त्यांनी ती खुर्ची सोडली. नोव्हेंबरात ज्यू गणितज्ञ एडमुंड लांडाउ तासाला गेले तर बाहेर विद्यार्थ्यांचा जमाव आणि आत जवळपास रिकामा वर्ग. बहिष्काराचा पुढारी टाइशम्युलर नावाचा विलक्षण हुशार विद्यार्थी होता, ज्याचं नाव आजही गणितात आदरानं घेतलं जातं. बुद्धीचा आणि माणुसकीचा संबंध असतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे नाव पाठ करावं. पुढे शिक्षणमंत्र्यानं जेवताना हिल्बेर्टना विचारलं, ज्यूंच्या जाण्यानं गणिताचं काही नुकसान झालं का? म्हातारे हिल्बेर्ट म्हणाले, नुकसान कसलं, गटिंगेनमध्ये आता गणितच उरलेलं नाही. निदान गोष्ट तशी सांगितली जाते.

हा रोग एका गावाचा नाही, हे बोर्न यांना पुढे बंगळुरात दिसलं. 1935 च्या अखेरीस सी. व्ही. रामन यांनी त्यांना भारतीय विज्ञान संस्थेत बोलावलं आणि कायमचं पद मिळावं म्हणून खटपट केली. सभेत एका इंग्रज प्राध्यापकानं उठून सांगितलं, की स्वतःच्या देशातून हाकललेला हा दुय्यम दर्जाचा परदेशी माणूस आम्हाला नको. ही हकिगत बोर्न यांनीच लिहून ठेवली आहे. ते एडिंबराला गेले. पुढे त्यांना नोबेल मिळालं, 1954 मध्ये. बंगळुरात हिटलर नव्हता.

माझ्या म्हणण्यावर सर्वांत रास्त आक्षेप असा, की लोकांना घरदार असतं, मुलंबाळं असतात, सगळ्यांनी हुतात्मा व्हायचं का? नाही. म्हणूनच मला सातांपेक्षा 1955 ची गोष्ट जास्त मोलाची वाटते. ती जर्मनीबाहेर फारशी कुणाला माहीत नाही आणि तिचं स्मारकही माझ्या माहितीत कुठं नाही.

त्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस लोअर सॅक्सनी राज्यात, म्हणजे गटिंगेन आता ज्यात आहे त्या राज्यात, लेओनहार्ड श्ल्युटर नावाच्या माणसाला शिक्षणमंत्री केलं गेलं. आधी कडव्या राष्ट्रवादी पक्षात, नंतर उदारमतवादी म्हणवणाऱ्या पक्षात आलेला. गटिंगेनमध्येच त्याची प्रकाशनसंस्था होती, आणि नाझी राजवटीतल्या माणसांची पुस्तकं तिथून निघत. कुलगुरू एमिल वोएरमान आणि विद्यापीठाच्या सिनेटनं आपापल्या पदांचे राजीनामे दिले. नीट बघा, नोकरीचे नव्हे, पदांचे. संशोधन चालू, पगार चालू, फक्त या मंत्र्याच्या हाताखाली आम्ही विद्यापीठाचा कारभार बघणार नाही. विद्यार्थ्यांनी तासांवर बहिष्कार टाकला आणि मशाली घेऊन मिरवणूक काढली. तट, चौक, हंसवाल्या पोरीचं कारंजं, सगळं तेच. बाकीचे मात्र या वेळी सातांच्या बाजूला होते, किंवा खरं म्हणजे सात आणि बाकीचे असा भेदच उरला नव्हता.

1955 मध्ये लोकशाही होती, म्हणून जमलं, असं कुणी म्हणेल. मान्य. पण एप्रिल 1933 मध्येही पहिल्या आठवड्यांत सत्ता चाचपडत होती, कुणाकडून किती विरोध होतो ते बघत होती. त्या 42 सह्यांनी तिला उत्तर मिळालं. शिवाय 1955 चे ते सिनेट सदस्य काही साधुसंत नव्हते. त्या पिढीतल्या कित्येकांनी 1933 नंतर निमूट माना खाली घातलेल्या होत्या. बहुतेक त्यामुळेच त्यांना ठाऊक होतं की पहिल्या पंधरवड्यात जे केलं नाही ते नंतर करता येत नाही. दोन वर्षांनी, एप्रिल 1957 मध्ये, बोर्न, हान, हायझेनबेर्ग, लाउए यांच्यासह 18 शास्त्रज्ञांनी गटिंगेनच्या नावानंच पत्रक काढलं: पश्चिम जर्मन लष्कराला अण्वस्त्रं नकोत, आणि ती बनवण्यात, तपासण्यात वा वापरण्यात आम्ही हात लावणार नाही. चॅन्सेलर आडेनाउअर चिडले, पण त्यांना या मंडळींना बोलावून चर्चेला बसावं लागलं. इथंही राजीनामा कुणी दिला नाही. आपलं काम आपण कुणासाठी करणार नाही, एवढंच त्यांनी अठरा सह्यांनिशी सांगितलं होतं.

श्ल्युटर किती दिवस मंत्री राहिला? सुमारे दोन आठवडे. जूनच्या पूर्वार्धातच त्याचा राजीनामा आला, आणि विद्यार्थी तासांना परतले.